गुन्हा कबूल नाही

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कामाला होता. तिथून स्कूटरवर घरी येताना त्याला मागून कंटेनरच्या ट्रेलरने उडवलं. ड्रायव्हरला जामीन मिळाला, केस रेंगाळली, आणि एकदाची तारीख कळली: त्या दिवशी कोर्ट त्याला दोषारोप वाचून दाखवणार होतं.

"तुमची आज काही गरज नाही," सरकारी वकील फोनवर म्हणाले. बहीण तरीही इस्त्रीची साडी नेसून तयार. जुईनगरहून रिक्षाने जाताना ती म्हणाली, "दादा, त्याला विचारतील ना, गुन्हा कबूल आहे का? त्याचं 'हो' मला या कानांनी ऐकायचंय. शिक्षा मग काय व्हायची ती होऊ दे."

आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे मलाही ते सरळच वाटलं. गाडी हा चालवत होता, माणूस मेला, विचारल्यावर दुसरं काय सांगणार?

आमच्या आधी एक मोबाइलचोर झाला, मग सोसायटीच्या पार्किंगवरून शेजाऱ्याचं डोकं फोडलेला एक गृहस्थ. कबूल आहे? नाही. भाजीवालीला कोथिंबीर नको म्हणावं, इतक्या सहज. बहीण माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघत बसलो.

मग तो ड्रायव्हर उभा राहिला. उरणकडचा, माझ्या बहिणीच्याच वयाचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. न्यायाधीश मॅडमनी तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव वाचलं. त्याच्या मृत्यूस कारण झालास, म्हणाल्या.

"समजलं?"

"हो."

"गुन्हा कबूल आहे?"

त्याने वकिलाकडे पाहिलं. "नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टायपिंग झालं, सही झाली, पुढची तारीख पडली. "सगळेच नाही म्हणतात हो," सरकारी वकील मला समजावत होते. "ही नुसती प्रोसिजर असते. मनाला लावून घेऊ नका."

बाहेर व्हरांड्यात बहीण बाकावर बसली होती. रडत नव्हती. मला तर ती रडली असती तर बरं वाटलं असतं. आपला वकील फोनवर बोलतोय असं बघून तो ड्रायव्हर हळूच आमच्याकडे आला आणि त्याने हात जोडले.

"ताई, चूक माजीच व्हती. डोला लागला माजा. वकील बोलले नाय बोल, म्हनून बोललो."

ज्यासाठी ती आली होती ते तिला मिळालं, असं मला क्षणभर वाटलं. ती उठली. कोर्टाच्या दाराकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाली, "चल. आत जाऊन एवढंच बोल."

त्याचे जोडलेले हात खाली आले.

"तितं नाय बोलता येत, ताई."

"मग मला कशाला सांगतोस?"