खापरावरची खरवड

योकोहामाहून तोक्योच्या गाडीत बसले की मला हमखास गुंगी यायची. मध्येच डोळे किलकिले करून मी वाटेतल्या ओमोरी गावाची दरड शोधायचे. एकोणिसाव्या शतकात, रेल्वे नवी असताना, एका परदेशी प्राध्यापकाला धावत्या गाडीतून तिथे शिंपल्यांचा पांढरा थर दिसला होता. खणलं, तर हजारो वर्षांपूर्वीचा उकिरडा! शिंपले, हाडं, फुटकी मडकी. अर्धवट झोपेत वाटायचं, तिथे कुणी बाई कालवणासाठी तिसऱ्यांचे शिंपले निवडत बसलीय आणि आमची गाडी तिच्या अंगणातून चाललीय.

त्या प्राध्यापकाच्याच काळात खणून काढलेली खापरं धुवायचं काम मला एका छोट्या संग्रहालयात मिळालं होतं. खापरांच्या पेट्या तेव्हापासून तशाच बंद होत्या. नवरा चिडवायचा, "एम.एस्सी. होऊन जपानात भांडीच घासतेस!" चिडव बापड्या. सात वर्षं घरात बसून मी पार गंजले होते. हे काम सुटलं असतं तर मला वेड लागलं असतं.

एके दिवशी एका खापराच्या आत काळं चिकटलेलं दिसलं. आमच्याकडे भांड्याला डाग राहिला तर सासूबाई पुन्हा घासायला लावतात. मी बाह्या सरसावल्या, खसाखसा घासून खापर लख्ख केलं आणि ऐटीत आमच्या वयस्कर प्रमुख बाईंना दाखवलं.

त्यांनी खापर उलटंसुलटं करून पाहिलं. "आत काळं होतं ना?"

"होतं, पण मी काढलं सगळं!"

"ते करपलेलं अन्न होतं," त्या हळूच म्हणाल्या. "काय शिजलं, कधी शिजलं, ते त्यावरूनच कळतं."

अगं बाई गं! कोण होती ती, चुलीवरून तिचं लक्ष कशानं उडालं, काय करपलं... इतकी वर्षं मातीनं जपलेलं मी दोन मिनिटांत मोरीत सोडलं होतं. शरमेनं मला रडू फुटलं. आता 'उद्यापासून येऊ नका' एवढंच ऐकायचं बाकी होतं.

बाईंनी त्या खापराची जुनी चिठ्ठी पुढे केली. वर खणणाऱ्याची फिकट शाई. "खाली लिहा. काय झालं, कुणी केलं. तुमच्या लिपीत लिहा, जपानीत मी लिहिते."

'आतली खरवड मी घासून काढली,' असं लिहून मी पुढे माझं नाव घातलं. या देशातल्या प्रत्येक कागदावर मी कुणाची तरी बायको होते. माझं एकटीचं नाव पहिल्यांदा लागलं, ते या चुकीखाली.

बाईंनी शाई वाळू दिली. "उद्या नऊला या," म्हणाल्या, "आणि घासायच्या आधी मला दाखवा."