उपाशी बांधी

वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. सुनंदा, माझी मावसबहीण, सप्टेंबरच्या अखेरीस एका मंगळवारी सकाळी रामटेकजवळच्या धानाच्या शेतात वारली. हृदयविकाराचा झटका, असे डॉक्टरांनी सांगितले. नागपुरात मला फोन आला तो शेतमालक दिवाकरचा. "दादा, ताई धुऱ्यावर बसल्या होत्या. मले वाटलं, पानं पाहून राहिल्या. चहा घेऊन गेलो तं..."  शेताच्या बांधावर बसलेल्या तिच्या हातात धानाचे पान होते.

आदल्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली होती. "करपा आला!" आवाजात आनंद होता. मी विचारले, अभिनंदन करू की सांत्वन? "आधी अभिनंदन कर. आणि मी हसले, हे दिवाकरला सांगू नकोस."

करपा हा धानाचा बुरशीजन्य रोग. निवृत्तीनंतर ताई एकाच प्रश्नामागे होती : पिकाला सिलिका नीट मिळाली तर ते या बुरशीला किती अडवते? नुसता युरिया दिला की पान लुसलुशीत होते, बुरशीला आयतेच सापडते. सिलिका मिळाली की पानाची साल टणक होते, बुरशीला आत शिरायला वेळ लागतो, असे ती सांगे. "म्हणजे औषधच ना?" मी एकदा म्हणालो. "औषध नाही रे, जेवण. धडधाकट माणूसही जेवतोच ना?"

दिवाकरच्या शेतात तिने शेजारशेजारच्या दोन बांध्या, म्हणजे बांधांनी वेढलेले धानाचे दोन तुकडे, घेतल्या. बाकी सगळे सारखे, पण सिलिका एकीलाच. दुसरीच्या धुऱ्यावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पत्र्याची पाटी रोवली : 'उपाशी'. दिवाकरच्या बायकोला, मंदाला, ही पाटी कधीच आवडली नाही. "काहून जी ताई, एका लेकराले वाढता अन् दुसऱ्याले नुसतं पाहत ठेवता?" त्यावर ताई म्हणे, "मंदे, उपाशी कोणी नसलं तर जेवलेल्याचं कळेल कसं वं?" मंदा पदर तोंडाला लावून हसे, पण जाता-येता त्या बांधीकडे बघून चुकचुकेही.

पहिल्या वर्षी करपा आलाच नाही. दुसऱ्या वर्षी मोजणीच्या आधी वादळी पावसाने पीक झोपवले. जुन्या सहकाऱ्यांनी, आता पुरे, असे सुचवले. हा तिसरा हंगाम तिने शेवटचा ठरवला होता. करपा दोन्ही बांध्यांत शिरला होता. कोणती किती झुंजते, ते लोंब्या भरताना मोजायचे होते.

तेरवीला दिवाकर आणि मंदा नागपूरला आले, जेवले, संध्याकाळच्या बसने परतले. मोजणी तरी पुरी व्हावी म्हणून ताईचे एक जुने सहकारी तयार झाले. ऑक्टोबरच्या मध्यात मी त्यांना घेऊन शेतावर गेलो. ते उपाशी बांधीत उतरले, पांढुरका थर चढलेले एक पान बोटांत धरून उलटसुलट पाहिले आणि दिवाकरकडे वळले.

"यावर काही फवारलं?"

"हो जी." दिवाकरने मान खाली घातली नाही. "ताईच्या तेरवीत सारे जेवले. घरी येऊन पाहतो तं हे उपाशीच. मंदा म्हणे, आता कोणासाठी ठेवता? मले राहवलं नाही. ताईच्या नावानं देल्लं."

"किती दिलं?"

"पोटभर. ताईचा सिलिकाचा डबा होता, संपवला."

सहकाऱ्यांनी पान चिखलात ठेवले आणि बुटांतले पाणी काढले. तुलनेला आता दुसरी बाजू उरली नव्हती. मोजणी झाली नाही. 

नोव्हेंबरमध्ये कापणी झाली. दोन्ही बांध्यांचे धान एकाच खळ्यावर झोडले गेले. पाटी धुऱ्यावरच आहे. ताईने लिहिलेल्या शब्दावर मंदाने चुन्याची एक आडवी रेघ ओढली आहे. शब्द वाचता येतो.