आमच्या मशीनवर तर उघडतंय!

आमच्या ऑफिसातले किस्से एका जागी नीट जमवून ठेवावेत, असं मी कितीदा ठरवलं. पण ठेवायचे कुठं? आमच्याकडं तिघांची तीन तऱ्हेची मशिनं. एकानं ठेवलेली फाइल दुसऱ्याला सापडेल याचा भरवसा नाही. म्हणून मी ते डोक्यातच साठवत गेले. तिथून अजून तरी एकही हरवलेला नाही!

ऑफिस कर्जतला, खिळे, पत्रे आणि नळ विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. "खाली हार्डवेअर, वर सॉफ्टवेअर!" असं अंतूदादा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि दर वेळी आधी स्वतःच हसतो. अंतूदादा म्हणजे आमचा मालक. शहरातली नोकरी सोडून त्यानं इथं हे दुकान मांडलं. आसपासचे रिसॉर्ट, भाताच्या गिरण्या, खोपोलीचे कारखाने, यांना लागणारी छोटी-मोठी सॉफ्टवेअर आम्ही करून देतो. दादाकडं मॅक. नेरळचा रेहान लिनक्सवाला, विंडोजचं नुसतं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतो. शेलूचा कुणाल सगळ्यांत नवा, त्याचं विंडोज. आणि मी वैशाली, टेस्टिंगला. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. सासूबाई म्हणतात, "हे तर तू घरी पन करतेस. तिथं पगार देतात, एवढाच काय तो फरक!"

आमच्या सगळ्या भांडणांचं मूळ एकच. फाइल कुठं आहे हे प्रोग्रॅमला कळावं म्हणून तिचा पत्ता लिहावा लागतो. त्याला आम्ही पाथ म्हणतो. अमुक फोल्डर, त्यात तमुक फोल्डर, त्यात फाइल, आणि मधे तिरक्या रेघा. विंडोजची रेघ एका बाजूला कलते, मॅक आणि लिनक्सची दुसऱ्या बाजूला. शेताच्या बांधावरून गावात होत नसतील एवढी भांडणं या रेघेवरून आमच्या माडीवर झाली आहेत.

* * *

कुणाल नवीन लागला तेव्हाची गोष्ट. एका रिसॉर्टसाठी त्यानं प्रोग्रॅम लिहिला. पाहुणा आला की त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढायचा आणि त्या-त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. त्याच्या लॅपटॉपवर झकास चाललं. मग तो प्रोग्रॅम रेहानच्या लिनक्स सर्व्हरवर चढवला. तिथंही चालला. कुणाची तक्रार नाही म्हणून आम्ही खूश!

एक दिवस रिसॉर्टच्या मॅनेजरला जुना फोटो हवा होता. महिन्यांचे फोल्डर उघडले, तर सगळे रिकामे. कुणालचा चेहरा खर्रकन उतरला. रेहाननं शोधाशोध केली, तेव्हा सगळे फोटो बाहेर एकाच ठिकाणी गठ्ठ्यानं पडलेले सापडले आणि प्रत्येकाचं नाव हातभर लांब! झालं होतं असं, की विंडोजची रेघ लिनक्सला रेघ वाटतच नाही, नावातलं एखादं अक्षर वाटतं. कुणालनं दिलेला अख्खा पत्ता त्यानं निमूटपणे फाइलचं नाव म्हणून लिहून घेतला होता.

रेहान म्हणाला, "पाकिटावर पत्ता बरोबर टाकलास रं. पन पाकीट पेटीत टाकायचं सोडून पोस्टाच्या पायरीवर ठेवलंस!"

कुणाल म्हणाला, "पन हरवलं तर नाय ना?"

तेव्हापासून काहीही बिघडलं की आम्ही सगळे एका सुरात तेच विचारतो.

* * *

कुणाल एवढा घाबरायचा त्याला कारण होतं, आणि कारणाचं नाव मयुरी. कॉलेजपासूनचं प्रकरण! मयुरी कर्जतला एका मेडिकलच्या दुकानात काम करते, घर कळंबला. तिचे वडील शेळकेकाका खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. घरात पनवेलचं एक स्थळ आलं होतं आणि काकांच्या मनात ते हळूहळू भरत चाललं होतं. मयुरीनं कुणालला बजावलं, "बाबांचा कंप्युटरवाल्यांवर इस्वास नाय. आधी तुझं काम त्यांना डोळ्यांनी बघू दे, मंग इचार. पन लवकर रं!"

आणि नेमकं त्याच कारखान्याच्या स्टोअरचं काम आमच्याकडं आलं. दादानं "कोण करणार?" असं पुरतं विचारायच्या आतच कुणाल खुर्चीवरून उठला होता.

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी कुणाल म्हणजे 'सॉफ्टवेअरचं पोरगं'. आम्हाला मात्र सगळं ठाऊक होतं. पोरगा सरळ, कष्टाळू, आणि मयुरीचा फोन आला की कान लाल होणारा. त्याचं जमावं असं मला अगदी पोटातून वाटत होतं. त्यामुळं एकमेकांना टोमणे मारणारे आम्ही सगळे त्या एका कामापुरते गुण्यागोविंदानं वागायला लागलो.

* * *

बाकीच्या कामांत टोमणे चालूच होते म्हणा. नदीकाठच्या एका कॅम्पची वेबसाइट आम्ही केली. दादानं मॅकवर बनवली, मी कुणालच्या विंडोजवर तपासली. झाडं, चूल, तंबू, सगळे फोटो झकास. साइट लिनक्स सर्व्हरवर गेली आणि तंबूचा फोटो दिसेनासा झाला. दादानं फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर एका ठिकाणी मोठं काढलं होतं, दुसऱ्या ठिकाणी लहान. मॅक आणि विंडोज अशा गोष्टी पोटात घालतात. लिनक्सचं तसं नाही. त्याच्या दृष्टीनं ती वेगळीच फाइल.

हे आम्हाला कळायच्या आत कॅम्पच्या मालकाला एका गिऱ्हाइकानं कळवलं, "तुमच्याकडं तंबू दिसत नाही." मालक मुंबईत. आदल्या दिवशी वारा फार होता. त्यानं घाबरून कॅम्पवरच्या वॉचमनला पिटाळलं, "जा, तंबू उडाला का बघून ये!"

वॉचमननं धावत जाऊन चेन उघडून आत बघितलं आणि फोनवर सांगितलं, "सायेब, तंबू हाय. आत नवराबायको पन हायेत. लई रागावलेत!"

* * *

पाथ दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक पुरता पत्ता, दुसरा 'इथून पुढं असं असं जा' असा. कुणालनं गिरणीवाल्यांच्या प्रोग्रॅममध्ये दुसरा लिहिला आणि तो कधी चाले, कधी नाही. दादानं त्याला समजवायला घेतलं.

"समज, तुला कोणी विचारलं ऑफिस कुठं हाय. तू सांगितलंस, बाहेर पड, डावीकडं वळ, सरळ चाल, पुढं जिना चढ. बरोबर?"

"बरोबर."

"पन तो मानूस स्टेशनातून निघतोय हे तू धरून चाललास. तो आधीच आपल्या माडीवर उभा असला तर?"

कुणालनं खरोखर उठून तसं करून बघितलं. दारातून बाहेर पडला, डावीकडं वळला, सरळ चालला, आणि खालच्या दुकानदारानं माडीवर आडव्या टाकून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्यांपैकी एकीत डोक्यासकट शिरला. टाकीच्या आतून आवाज आला, "दादा, समजलं!"

* * *

कारखान्यातली पहिली खेप मात्र एका नावावर अडली. काकांनी खात्यांची नावं दिली होती आणि दादानं मॅकवर प्रत्येक खात्याचा फोल्डर करून ठेवला. एक खातं होतं 'ऑक्स', इंग्रजीत AUX. बॉयलरच्या जोडीला लागणारे पंप, पंखे वगैरे मिळून कारखान्यात त्याला ऑक्स म्हणत. काकांच्या कंप्युटरवर विंडोज. बाकी सगळे फोल्डर गेले, ऑक्स काही केल्या जाईना! विंडोजनं फार जुन्या काळापासून काही नावं स्वतःसाठी राखून ठेवली आहेत, त्यात हे एक.

काका भडकले. "आमच्या खात्याला तुमच्या मशीनीत जागा नाय?"

रेहाननं समजावलं, "काका, घरात आजोबांची खुर्ची असते ना? आजोबा जाऊन वर्सं झाली तरी तिच्यावर कोन बसत नाय. तसं हे नाव हाय."

"मंग दुसरी खुर्ची आना की!" काका म्हणाले.

कुणालनं काही वाद न घालता नावापुढं इंग्रजी 'आय' हे एक अक्षर जोडलं. ऑक्सचं ऑक्सी झालं आणि फोल्डर मुकाट्यानं आत गेला. पुढच्या खेपेला बघतो तर काकांनी त्या खात्याच्या दारावर रंगानं 'ऑक्सी' लिहून घेतलेलं! कंप्युटरात एक आणि दारावर एक, असं त्यांना चालत नाही. आता अख्खा कारखाना ऑक्सी म्हणतो. परवा एक नवा इंजिनिअर तिथं लागला, तोसुद्धा मान डोलावून ऑक्सी म्हणाला, जसं काही कॉलेजात शिकूनच आला होता.

त्या पहिल्या खेपेला निघताना काका मला म्हणाले, "पोरगं बरं हाय तुमचं. उलटून बोलत नाय." मी हे कुणालला सांगितलं तर परतीच्या लोकलमध्ये पळसदरी स्टेशनपर्यंत तो खिडकीबाहेर बघून एकटाच हसत होता.

* * *

रेहानची फजिती सांगितली नाही तर तो म्हणेल, ताईनं माझ्यावर दया दाखवली. तर त्यानं स्टोअरच्या माहितीची रोज आपोआप नक्कल निघेल अशी सोय केली आणि फाइलच्या नावातच वेळ घातली, तास आणि मिनिटं, मधे एकाखाली एक दोन टिंबं. लिनक्सवर काही अडचण नाही. विंडोजला नावात तशी टिंबं चालत नाहीत. काकांच्या कंप्युटरवर एकही नक्कल उतरेना.

कुणालला किती आनंद झाला म्हणून सांगू! तो म्हणाला, "रेहानभाई, पाकीट पायरीवर पन नाय पोचलं!"

रेहान तोऱ्यात म्हणाला, "माझी काय चूक? वेळ तर बरोबर होती ना?"

* * *

आणि मग तो शुक्रवार आला. येत्या रविवारी शेळकेकाका पनवेलला शब्द द्यायला जाणार होते. त्याआधी शुक्रवारी त्यांना पुरा प्रोग्रॅम दाखवायचा, काम त्यांच्या पसंतीला उतरलं की कुणालनं तिथंच विषय काढायचा, असं ठरलं होतं. तो बोलताना अडखळला तर मी सावरायचं. रेहान म्हणाला, मी पन येतो, नैतिक पाठिंबा!

त्यातच काकांनी ऐन वेळी एक मागणी केली. प्रत्येक कप्प्यावर लावायला स्टिकर हवेत, बटन दाबलं की छापून यावेत. स्टिकरचा प्रिंटर होता त्यांच्या स्टोअरमध्ये, त्यामुळं आमच्याकडं तपासायची सोय नव्हती. कुणालनं घाईघाईत तेवढा भाग लिहिला, स्वतःच्या लॅपटॉपवर स्टिकर दिसतात एवढं बघितलं आणि आम्ही खोपोली गाठली.

काका खुर्चीत बसले. आम्ही तिघं मागं उभे. माल आला, नोंद झाली. माल गेला, शिल्लक बरोबर. बेअरिंग शोधलं, सापडलं. काकांनी दोनदा "हं" केलं. शेळकेकाकांचं "हं" सहसा मिळत नाही, असं शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनं मला खुणेनं सांगितलं. कुणालचे कान लाल व्हायला लागले.

मग काकांनी स्टिकरचं बटन दाबलं.

पडद्यावर मधोमध एक चौकोन आला. पाथ सापडत नाही, असा निरोप, आणि खाली न सापडलेला अख्खा पाथ. माझ्या ध्यानात आलं, घाईत या पठ्ठ्यानं आपल्या लॅपटॉपवरचाच पत्ता आत लिहून ठेवलाय! काकांनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली.

"सी... यूजर्स... कुणाल. म्हंजे तू."

"हो काका."

"डेस्कटॉप..." काका थांबले. पुढचा शब्द त्यांनी मनात वाचला, मग परत चष्मा वर करून वाचला. "मयुरी. मंग स्टिकर."

रेहान मदतीला धावला. "काका, ते नुसतं टेस्टिंगसाठी असतं!"

मी त्याच्या पायावर पाय दिला. काकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ही मयुरी कोन?"

तालुक्यात मयुऱ्या काय कमी आहेत? कुणाल काहीही सांगू शकला असता. मी मनात म्हणत होते, बाबा रे, बहीण म्हण, भाची म्हण. तो म्हणाला, "काका, तुमचीच."

क्लार्कनं लिहायचं थांबवलं. मला तर बसावंसं वाटायला लागलं, पण खुर्च्या दोनच होत्या, एकीवर क्लार्क आणि दुसरीवर काका.

"आज काम दावून झालं की सांगनारच होतो," कुणाल म्हणाला.

"रविवारी मी पनवेलला शब्द देनार हाय. म्हाईत हाय तुला?"

"हाय."

"तिला म्हाईत हाय, तू आज इथं आलायस ते?"

"तीच बोलली काका, आधी बाबांना काम दाव."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. कुणालकडं त्यांनी एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. मग ते पडद्याकडं वळले. माऊसचा बाण त्या चौकोनाभोवती बराच वेळ फिरत राहिला.

"आनि हे काय रं? ह्याच्याखाली नुसतं ओके लिवलंय."

"हो काका. एकच बटन असतं."

"नाय म्हनायचं बटन?"

"नसतं काका."

"कमाल हाय तुमची!" काका म्हणाले. त्यांनी माऊस हातात नीट धरला, आणि ओके दाबलं.