लेडी ॲरबेलाचे हात

ऑस्कम हॉलच्या धुलाईखान्यात हेस्टर प्रिडमोर कामाला लागली तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या, उंची आणि गप्प राहण्याची सवय. ती सतरा वर्षांची झाली आणि दोन्ही एकदमच उपयोगी पडल्या.

त्या वर्षी टॅरन्ट घराण्याच्या नव्या सुनेची, लेडी ॲरबेलाची, तसबीर काढायला लंडनहून लॅव्हेल नावाचा चित्रकार आला. टॅरन्टांच्या घरात ही रीतच होती. वरच्या लांब दालनात दोनशे वर्षांचे टॅरन्ट ओळीने लटकत होते. सगळ्यांची नाकं सारखी, आणि नजर अशी की जणू बघणाऱ्यानेच काहीतरी चोरलंय. लेडी ॲरबेलाला मात्र एका जागी बसणं जमेना. दिवस गेलेले होते, पाठ दुखायची. चेहरा कसाबसा पुरा झाला. पोशाखासाठी तिच्याच उंचीची कुणीतरी हवी होती, म्हणून हेस्टरला वर बोलावणं आलं.

रोज दुपारी ती निळा साटीनचा पोशाख घालून उंच खुर्चीत बसे आणि संध्याकाळी ॲप्रन बांधून खाली येई. स्वयंपाकीण मिसेस गजन तिची वाटच बघत असायची.

"आल्या का बाईसाहेब! बसायला काय देऊ, खुर्ची की सिंहासन?"

"बटाटे द्या, सोलते," हेस्टर म्हणायची.

"नको गं बाई, तुमची साटीन डागाळेल!" आणि सगळं स्वयंपाकघर खिदळायचं.

एका दुपारी लेडी ॲरबेला स्वतः आली आणि दार लावून घेतलं. "मिस्टर लॅव्हेल, हातही हिचेच काढा. माझे बघितलेत ना? लहानपणापासून घोडे आवरून आवरून असे झालेत. आमच्या सासूबाई त्यांना फावडी म्हणतात. त्या भिंतीवर मला फावडी नकोत." मग हेस्टरकडे वळून हसली. "हे आपल्या तिघांतच हं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कुठे बोलणार नाही, बाईसाहेब," हेस्टर म्हणाली.

सोड्याच्या पाण्याने हेस्टरचे हात लाल झाले होते. लॅव्हेलने सांगितलं, हिला पाण्यापासून दूर ठेवा. तिला कपड्यांच्या खोलीत शिवणकामाला बसवलं आणि ती परत धुलाईखान्यात गेलीच नाही. चित्रातले हात लांबसडक, गोरे उतरले. डाव्या हाताची करंगळी जराशी वाकलेली होती. लहानपणी कपडे पिळायच्या रुळात सापडली होती ती. लॅव्हेलने ती होती तशीच रंगवली. पुढे पाहुणे तसबिरीपुढे थांबून म्हणायचे, "काय डौल आहे बघा! खानदान लपत नाही."

त्या हिवाळ्यात मुलगी झाली, रोझमंड. ती दोन वर्षांची व्हायच्या आत लेडी ॲरबेला तापाने गेली. तिचे पती लॉर्ड टॅरन्ट आपल्या कुत्र्यांत आणि झाडांत बुडाले. घर त्यांच्या बहिणीच्या, मिस होनोरियाच्या हाती आलं, आणि रोझमंडही.

आत्याबाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त टॅरन्ट म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. रोझमंडचे हात रुंद, बोटं आखूड. आत्याबाई तिला तसबिरीपुढे उभी करायच्या. "ते बघ तुझ्या आईचे हात. आणि हे तुझे! गाडीवानाचे वाटतात. देवाने कुठून आणले कुणास ठाऊक." पोर हातमोजे घालायला लागली. जूनमध्ये हातमोजे, जेवायला बसेपर्यंत हातमोजे. हेस्टरच ते शिवायची. शिवायची आणि गप्प राहायची. गेलेल्या बाईला शब्द दिला होता.

रोझमंड एकोणीस वर्षांची झाली आणि तिच्या तसबिरीची वेळ आली. ती कपड्यांच्या खोलीत आली. हेस्टर आता त्या खोलीची मुख्य होती.

"प्रिडमोर, मला एक मफ शिवून दे. लोकरीची. दोन्ही हात आत जातील अशी."

"मिस रोझमंड, जुलै आहे."

"तसबिरीत कुठे जुलै दिसतो? मला त्या भिंतीवर आईच्या शेजारी लटकायचंय. लोक दोघींचे हात बघतील आणि म्हणतील, ही पोरगी कुठून उचलून आणली? मला तरी कुठे माहीत आहे!"

हेस्टरने सुई खाली ठेवली. "ते हात तुमच्या आईचे नाहीत. माझे आहेत."

"माझी समजूत काढू नकोस."

हेस्टरने डावा हात टेबलावर पसरला. वीस वर्षांत कातडी सैल झाली होती, पण करंगळी तशीच वाकलेली होती. रोझमंडने वाकून ती करंगळी नीट पाहिली.

"मग तिचे कसे होते?"

"तुमचे आहेत तसेच. अक्रोड मुठीत फोडायच्या. एकदा गाडीचा घोडा उधळला, तर गाडीवानाच्या हातातून लगाम ओढून घेऊन त्यांनी थांबवला. त्यांनाच ते हात आवडत नव्हते, म्हणून मला बसवलं. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या."

"आणि तू सांगितलं नाहीस. इतकी वर्षं!"

"नाही सांगितलं," हेस्टर म्हणाली.

त्या दुपारी रोझमंड चहाला उघड्या हातांनी आली. आत्याबाईंनी भुवया उंचावल्या. "हातमोजे कुठे आहेत?"

"माझे हात आईवर गेलेत, आत्या. झाकायचे कशाला?"

मग सगळी हकिकत निघाली. हेस्टरला वर बोलावून घेतलं गेलं. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "धोबिणीचे हात! आमच्या दालनात! एडमंड, हिला आजच्या आज काढून टाक."

लॉर्ड टॅरन्टनी कप खाली ठेवला. "ॲरबेलाचे हात असेच होते," मुलीच्या हातांकडे बघत ते म्हणाले. "नवऱ्याला कळत नाही होय? म्हणून तर त्या चित्रापुढे मी कधी थांबत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत, बाबा?"

ते गोंधळले. "तू कधी विचारलं नाहीस." मग उठता उठता म्हणाले, "प्रिडमोर राहू दे. चादरी चांगल्या ठेवते."

रोझमंडची तसबीर झाली, मफशिवाय. हात मांडीवर उघडे, उन्हाने रापलेले. गवळणीसारखी दिसते, असं आत्याबाई म्हणाल्या. तरी ती भिंतीवर लागलीच.

हेस्टरला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. लहानपणी रोझमंड कुणी नसताना स्टुलावर चढून चित्रातली बोटं धरून उभी राहायची. हेस्टर दाराआडून बघायची, आणि तिचा स्वतःचा हात गरम व्हायचा. लग्न तिचं झालं नव्हतं, मूल नव्हतं. आता रोझमंड त्या चित्रापुढून सरळ निघून जायची.

लॉर्ड टॅरन्ट गेल्यावर वारसाकराने घर खाल्लं. तसबिरी लंडनला लिलावात गेल्या. लेडी ॲरबेला एका लोखंडाच्या कारखानदाराने घेतली. त्याला पूर्वज हवे होते. हेस्टर लडलो गावाजवळ बहिणीकडे राहायला गेली. रोझमंड एका घोड्यांच्या डॉक्टरशी लग्न करून दूर गेली होती. नाताळला हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, पाठवायची. ते हेस्टर शेजाऱ्यांना वाटून टाकायची, कारण दातांनी तोवर दगा दिला होता.