इराच्या डोक्यावरचा पांढरा ढग

फोन इराचा होता. ती कोबेला शिकते, मी आणि अजित योकोहामाला राहतो. सकाळी अशा वेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून मी चहाचं आधण तसंच ठेवून फोन घेतला. आधी नुसता स्टेशनवरच्या घोषणेचा आवाज आला... मग ती म्हणाली, "आई, वसुमावशी गेली." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. कारण वसुधाताई सारख्या कुठेतरी जात असायच्या. कुठल्याशा परिषदेला, सांगलीला भाचीच्या बारशाला, नाहीतर रोक्को डोंगरावर कुजलेली पानं गोळा करायला. मग हळूहळू मला कळलं.

याला आता काही आठवडे झाले. अजून त्या अशाच कुठेतरी गेल्यासारख्या वाटतात. तशाही त्या समोर असताना निम्म्या दुसरीकडे असायच्या. अजितच्या बँकेनं त्याला कोबेला पाठवलं तेव्हा इरा दुसरीत होती. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वसुधाताई एकट्या राहायच्या. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटल्या त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटलं, चक्कर आली. तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "मटकीची उसळ. गोडा मसाला घातलाय." मी म्हटलं, "हो, माझ्याकडेच. जेवायला या ना." त्या आल्या, आणि मग येतच राहिल्या. विद्यापीठात त्या बुरशीवर संशोधन करायच्या. माणसाच्या कातडीवर, केसांत, नखांत राहणाऱ्या बुरशीवर. हे ऐकून लोक हात जरा मागे घ्यायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. रस्त्यानं चालता चालता एखाद्या ओल्या भिंतीपाशी त्या थांबायच्या, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ जायच्या, आणि आपण पुढे निघून गेलोय हे बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात यायचं.

इराला आम्ही जवळच्या दोजोत ज्यूदोला घातलं होतं. ज्यूदोचा वर्ग भरतो त्या जागेला दोजो म्हणतात; गवती चटया अंथरलेला लांबच लांब हॉल, त्यात पोरांचे धपाधप पडण्याचे आवाज. इरा तिथे फुलली. भाषा येत नसताना तिला तिथे मैत्रिणी मिळाल्या, कारण एकमेकींना उचलून आपटायला भाषा लागत नाही. त्याच हिवाळ्यात तिची वेणी घालताना कानामागे मला कोंड्याचा एक चट्टा दिसला. खोबरेल तेल चोळलं. चट्टा वाढला. तिथले केस मुळापाशी तुटून नुसते काळे ठिपके राहिले, आणि मानेवर एक लालसर गोल उमटलं, कडेला उठलेलं, मध्ये साफ. मला वाटलं, डोक्यात चाई पडली आणि मानेला काहीतरी चावलं. अजितकडे मुंबईहून आणलेली एक ट्यूब होती, खाज, पुरळ, गजकर्ण, सगळ्यावर चालणारी. ती मानेवर लावल्यावर दोन दिवसांत लाली गेली. आम्ही खूश. मग ते गोल दुप्पट मोठं होऊन परत आलं.

वसुधाताईंनी ते पाहिलं आमच्याकडे जेवताना. घास हातातच राहिला. "मीनल, काय लावलंस गं याला?" मी ट्यूब आणून दाखवली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन वाचली. "यात स्टेरॉइड आहे. त्यानं लाली दबते, खाज दबते, आपल्याला वाटतं बरं झालं. खाली बुरशीला रान मोकळं मिळतं. हे बंद कर. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ."

"तुम्हीच सांगा ना काहीतरी," मी म्हटलं.

"मी डॉक्टर नाही. मी बुरशी वाढवते, डॉक्टर ती घालवतात." आणि हसल्या.

स्टेशनजवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे त्या दुभाषा म्हणून आल्या. डॉक्टर म्हातारे होते, हात अगदी हलका. त्यांनी चिमट्यानं तुटके केस काढले, मानेवरचा भुगा खरवडला, काचेवर ठेवून वर एक थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "शिराकुमो," ते म्हणाले. इरा रडायलाच लागली. वर्गात कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्या डोक्यात 'मुशी' आहे, किडा आहे, रात्री तो फिरतो. कितीतरी दिवस ती हे एकटीच मनात घेऊन बसली होती... आम्हाला काही बोलली नव्हती.

वसुधाताई तिच्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या. "हे बघ. इंग्रजीत याला रिंगवर्म म्हणतात, वर्म म्हणजे किडा. जपानीतही अंगावर आलं की किड्याचंच नाव देतात. दोन्हीकडे चूक. यात किडा नाही की अळी नाही. ही बुरशी आहे, पावावर येते ना, तिची लांबची बहीण. आपण मराठीत गजकर्ण म्हणतो, हत्तीचा कान. आणि डोक्यावर आलं की इथली जुनी माणसं काय म्हणतात, ऐकलंस ना? शिरा म्हणजे?"

"शिरोई..." इरा हुंदके देत म्हणाली. पांढरा.

"आणि कुमो?"

इरानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर बंदरावर ढग उभे होते.

डॉक्टरांनी पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, कारण डोक्यातली बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, तिथवर मलम पोचत नाही. मलम मानेपुरतं. केस भादरायची गरज नाही, आणि बरं दिसलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही, ते डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू ठेवायचं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्हा दोघांनाही तपासलं. टॉवेल, कंगवा, टोपी, उशीचा अभ्रा प्रत्येकाचा वेगळा. आणि निघताना विचारलं, "ज्यूदो करते का ही?"

हे दोजोतूनच पसरत असावं असा त्या प्रश्नाचा अर्थ होता, आणि त्यावरून घरात वाद झाला. अजितचं म्हणणं, दोजोत काही दिवस पाठवू नये, सर्दी झालीय असं कळवावं. "आपण इथे परके. उद्या म्हणतील, इंडियातून घेऊन आले." मला त्याचं म्हणणं कळत होतं. इराच्या बाजूला कुणी बसलं नाही तर, ही भीती मलाही होती. वसुधाताईही होत्या तिथे. मग म्हणाल्या, "अजित, गोळ्यांनी ती बरी होईल. आणि पुन्हा त्याच चटईवर जाईल." बस, एवढंच. अजित उठून गॅलरीत गेला. परत आला तो जाकीट घालूनच. "चला," म्हणाला.

दोजोत सेन्सेई, म्हणजे ज्यूदोचे गुरुजी, आणि काही पालक होते. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, वसुधाताई अडलेला शब्द पुरवत होत्या. मग मागे बसलेली एक आई हळूच आपल्या मुलाकडे वळली आणि तिनं त्याची लोकरी टोपी काढली. त्याच्या टाळूवर तसाच चट्टा होता. ती बाई माझ्याकडे पाहून रडत होती आणि वाकून नमस्कार करत होती, मीही वाकत होते, कोण थांबणार कळेना. सेन्सेईंनी चटयांवर गुडघे टेकले आणि सगळ्यांची क्षमा मागितली. "क्षमा कशाची?" वसुधाताई त्यांना म्हणाल्या. "कुस्ती, ज्यूदो, जिथे डोक्याला डोकं लागतं तिथे ही येतेच."

मग सगळ्या मुलांची तपासणी झाली. मऊ काट्यांचा ब्रश डोक्यावरून फिरवायचा आणि त्यातून बुरशी वाढते का ते पाहायचं. बऱ्याच मुलांत निघाली. वरच्या वर्गातल्या दोघांच्या डोक्यावर तर खूण म्हणून नव्हती, तरी ते ती बाळगून होते. कुणाकडून कुणाला, हे कुणालाच सांगता येईना, आणि वसुधाताईंनी ते शोधूही दिलं नाही. त्या दिवसापासून सरावाआधी चटया झाडून पुसल्या जाऊ लागल्या, सराव संपला की पोरं घरी जाऊन आधी डोकं धुवू लागली आणि ज्यूदोचे कपडे रोज धुतले जाऊ लागले.

इरा मात्र टोपी काढेना. घरातही नाही. एका दुपारी वसुधाताईंनी तिला आपल्या प्रयोगशाळेत नेलं. मीही गेले. चिकटपट्टीनं बंद केलेल्या काचेच्या बशीत फिकट, मखमलीसारखी बुरशी वाढली होती, आणि बशी उलटी केल्यावर खालून तांबूस, जुन्या सागवानाच्या रंगाची. "ही तुझी," त्या म्हणाल्या. मग काचेवरचा निळा रंगवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इरा स्टुलावर चढली. कितीतरी वेळ ती हललीच नाही. निळे धागे, त्यांना लगडलेले थेंब, जणू धुक्यातली वेल... "किरेई," ती पुटपुटली. सुंदर.

"सुंदर आहे, म्हणून डोक्यात ठेवायची असं नाही," वसुधाताई म्हणाल्या. मग त्याच संथ आवाजात सांगितलं, "मला पण झाली होती. तुझ्याएवढीच होते. घरच्यांनी डोकं भादरलं, शाळेत बाईंनी दाराबाहेर बसवलं. कुणीच सांगितलं नाही की हे काय आहे. मी बाहेर बसून भिंतीवरचं शेवाळ बघायचे. दिवसच्या दिवस." इरानं डोळा न काढता विचारलं, "सामिशीकत्ता?" एकटं वाटायचं? वसुधाताईंनी बशी जागेवर ठेवली. "हो," म्हणाल्या. "पण शेवाळ चांगलं होतं."

घरी येताना ट्रेनमध्ये इराची टोपी तिच्या मांडीवर होती. वसंतात बारीक, मऊ केस आले, आधी नुसती सावली, मग हाताला लागणारे. डॉक्टरांनी पुन्हा तपासून गोळ्या थांबवल्या आणि ती दोजोत परत गेली. त्या टोपीवाल्या मुलानं पहिल्याच दिवशी तिला आपटलं. फार आनंदात घरी आली.

पुढे आम्ही योकोहामाला आलो. इरा मोठी झाली, शिकायला पुन्हा कोबेलाच गेली, आणि रविवारी मावशीकडे जेवू लागली. मला वसुधाताई फोनवर भेटायच्या. इराचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी त्या नेहमीची तपासणी करून यायला म्हणून हॉस्पिटलमध्ये गेल्या होत्या. तिथेच ठेवून घेतलं, आणि त्या परत आल्या नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा इरा त्यांच्या घरात एकटीच होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सकाळी ऊन चांगलं होतं म्हणून जाताना वसुधाताई पाहुण्यांची गादी गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकून गेल्या होत्या. इरा त्या रविवारी राहायला येणार होती. संध्याकाळी गादी तशीच दिसली, तेव्हा बाईंनी ती आत आणून, घडी घालून ठेवली. मी आणि इरा त्याच गादीवर झोपलो. गादीला उन्हाचा वास होता. इरा म्हणाली, "आई, हलू नकोस, वास जाईल." मग आम्ही दोघी न हलता पडून राहिलो.