अरफाची आजी
सोनईच्या मुबारकबी तीस वर्षं गावोगाव बांगड्या भरत आल्या. मुलगी आयेशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा बांगड्या तिच्या मनगटात रुतल्या होत्या. मुबारकबींनी साबण लावून त्या उतरवल्या आणि एक माप मोठ्या भरल्या. "आठव्या महिन्यात सुजतंच," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आयेशाचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. मुबारकबींच्या एका गिऱ्हाईक बाईनं सांगितलं, "राहुरीच्या अलीकडं सरकारी दवाखान्यात विजयमाला सिस्टर हायेत. नर्सच हुत्या, पन बाळंतपनाचं वरचं शिक्षन घेऊन आल्यात. लई धीरानं बघतात."

आयेशाचे वडील चांदभाई यांनी लगेच टेम्पो काढला.

सिस्टरनी रक्तदाब मोजला, तो फार वाढला होता. त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं. मग दुसऱ्या बाजूला ठेवलं, पुन्हा खाली. डॉक्टरांना बोलावून सोनोग्राफी करून घेतली. मग आयेशाचा हात धरून त्यांनी स्वतःच सांगितलं, "बाळाचे ठोके थांबलेत, आयेशा. आता तुला जपायचंय."

झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, कळा आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. तोवर सिस्टर आयेशाच्या उशापासून हलल्या नव्हत्या. त्यांनी बाळ पुसलं, टोपडं घातलं.

"तिला नका दाखवू, सहन न्हाई व्हनार," मुबारकबी म्हणाल्या.

"तिलाच ठरवू द्या, मावशी."

आयेशानं हात पुढं केले. बराच वेळ बघून म्हणाली, "अरफा नाव ठेवायचं होतं."

बाहेर मुबारकबींनी सिस्टरना गाठलं. "सूज मला दिसली हुती. मी मोठ्या बांगड्या भरल्या."

सिस्टरनी त्यांना बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, "ती सूज रक्तदाबाची असू शकते, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आमचं होतं."

बाळाला चांदभाईंनी कब्रस्तानात नेलं.

आयेशा घरी आली आणि बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी तिला दूध आलं. असं होईल हे घरात कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मुबारकबींनी फोन केला. सुट्टीच्या दिवशी सिस्टर एसटीनं सोनईला आल्या, छातीवर थंड पाण्याच्या घड्या ठेवत तिच्याजवळ बसल्या. तेव्हा आयेशा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. चहा टाकायला उठलेल्या मुबारकबी गॅसपाशीच खाली बसल्या.

दूध आटायला नऊ दिवस लागले.