अंगठ्यावर मोजलेल्या गोळ्या

"सोड, माझं मी लावतो."

"लावा की. मी कुठं हात धरलाय?"

टाचमास्तर आरशापुढं गळ्याजवळचं बटण धरून उभे होते. बटण काजाच्या तोंडापर्यंत जायचं आणि निसटायचं. बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"काज आवळलंय. धुण्यानं."

"काज आहे तेवढंच आहे. वर्षभर बघतेय मी. डॉक्टरकडं चला म्हटलं की तुमचं तोंड वाकडं."

"डॉक्टर कागदावर लिहिणार. कागद शाळेत जाणार. मग मला बंदुकीला हात लावू देतील? घंटा वाजवायलासुद्धा तिथं आधीच एक शिपाई आहे."

"मग बसा बटणाशी लढत," ती म्हणाली, कप खाली ठेवला आणि दोन बोटांत बटण लावून मोकळी झाली. मास्तरांनी आभार मानले नाहीत. तिनंही वाट बघितली नाही.

हा माणूस लोहाराच्या पोटचा. लोखंड किती तापलंय ते बाप हात जवळ नेऊन सांगायचा, आणि पोराला वाटायचं, हात असावा तर असा. पुढं बावीस वर्षं फौजेत काढली, हवालदार होऊन घरी आला आणि शाळेत गणित नि कवायत शिकवायला लागला. कॅडेटची तुकडी त्यानंच उभी केली. रांगेपुढं डोळे मिटून उभा राहायचा, टाचा आपटल्या की म्हणायचा, "मागनं तिसरा, झोपलास का?" मागचा तिसरा खरंच झोपेत असायचा. तेव्हापासून नाव पडलं टाचमास्तर.

पण पोरं जीव टाकायची ती दुसऱ्याच करामतीवर. बंदूक भरायला शिकवायच्या नकली गोळ्या होत्या. दिसायला हुबेहूब खऱ्या, फक्त पोटाला नखभर खाच. खऱ्या-खोट्या एकत्र करून मास्तर डोळे मिटायचे आणि नुसता अंगठा फिरवून दोन ढीग लावायचे. "बघून काय, कुणीपण सांगेल," म्हणायचे.

आदल्या दिवशी नेमबाजी झाली होती. आधी मैदानातच नकली गोळ्यांनी बंदूक भरण्याचा सराव, मग खऱ्या गोळ्या. संपल्यावर सगळ्या एका ताटात. पोरांनी गोल केला, मास्तरांनी डोळे मिटले. दहा नकली डब्यात, उरलेल्या बारा खऱ्या पेटीत. हिशेब चोख. टाळ्या पडल्या.

पेटी घेऊन मास्तर आज सकाळी शाळेबाहेरच्या शस्त्रकोठीत गेले. कोठीवाला नवीन होता, महिनाही झाला नव्हता.

"बारा आहेत. मोजून घ्या."

"मोजायला मला बघावं लागतं, हवालदारसाहेब. तुमच्यासारखी जादू आम्हाला कुठली." त्यानं गोळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि पेन्सिलीनं एकेक लोळवत गेला. नवव्या गोळीवर पेन्सिल थांबली.

"ही तुमच्या शिकवणीतली दिसते. खाच आहे."

मास्तरांनी गोळी उचलली. अंगठा फिरवला. गुळगुळीत लागली. मग डोळ्यांसमोर धरली. खाच होती. पुन्हा अंगठा फिरवला. गुळगुळीत.

म्हणजे बारावी खरी गोळी डब्यात होती. आणि डबा शाळेत होता. पहिल्या तासाला आज शिंप्याची लेक शिकवणार होती, मोठ्या तुकडीची पुढारी. काल मास्तरांनीच डबा तिच्या हातात दिला होता. धडा नेमाचा. एकानं बंदूक भरून पालथं पडायचं. दुसऱ्यानं समोर बसून भोकाची पत्र्याची चकती डोळ्याला लावायची, पहिल्यानं त्या भोकावर नेम धरून घोडा दाबायचा. नेम चुकला की समोरचा सांगतो.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तास दहाला सुरू व्हायचा.

त्यांनी कोठीवाल्याचा फोन ओढला. पलीकडं शाळेचा कारकून.

"काय मास्तर, रजेचा अर्ज आता फोनवर?"

"सात नंबरच्या खोलीत जा. बंदुका खाली ठेवायला सांग. नळ्या भिंतीकडं."

"चहा आलाय, एवढा घेतो आणि—"

"आत्ता."

मास्तरांना इतकं हळू बोलताना कारकुनानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला लांब गेल्या. पंख्याची घरघर. कुठलं तरी पान फडफडत होतं. मग धाडकन आवाज झाला आणि मास्तरांनी भिंतीला पाठ टेकली. कोठीवाला उठून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं चपला परत आल्या. "दार आपटलं वाऱ्यानं, दचकलो की हो. पोरं तर हात बांधून बसलीत. शिंप्याची लेक म्हणते, डब्यातल्या एका गोळीला खाच नाही, ती रुमालात बांधून ठेवलीय. सरांनी परीक्षा घ्यायला मुद्दाम टाकली असणार. पास का, विचारतेय."

मास्तरांनी फोन ठेवला. कोठीवाला खालच्या आवाजात म्हणाला, "तासाभरात आणून द्या. मी अजून काही लिहिलेलं नाही."

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापकबाई उभ्या होत्या. "तुमची परीक्षा ऐकली, मास्तर. पोरगी हुशार आहे हं. नकलीच होती ना ती?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही बाई. जिवंत होती. चूक माझी. माझ्या अंगठ्याला नीट कळत नाही, वर्ष झालं."

बाईंनी वर्गांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बाकीचे डबे?"

"अजून दोन आहेत. मीच भरलेत, असेच."

"वर्षभर? आणि कोठीत कुणाला कळलं नाही?"

"जुना कोठीवाला मोजायचा. बघायचा नाही."

मैदानावरून लहान तुकडीच्या टाचा ऐकू येत होत्या. दुसरा डबा त्यांचा. मधल्या सुट्टीनंतर त्यांचा तास.

"उद्या डॉक्टरचा कागद आणा," बाई म्हणाल्या. "तोवर बंदुकीला हात नाही. पण हे डबे आज तपासायचे."

मास्तर सात नंबरच्या खोलीत गेले. रुमाल उचलून खिशात ठेवला, खिशाचं बटण पोरीकडून लावून घेतलं. "परीक्षा नव्हती ती," ते सगळ्यांना म्हणाले. "मी चुकलो. ही पोरगी बघत होती म्हणून तुम्ही धडधाकट बसलाय."

पालथ्या पडणाऱ्या पोराच्या शर्टाला अजून धूळ होती.

उरलेल्या दोनांतला पहिला डबा नीट निघाला. मास्तरांनी दुसरा ओढला आणि पोरीपुढं सरकवला. स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.

"मी काय म्हणतो ते ऐकू नकोस. बघ आणि सांग."

"खाच," ती म्हणाली. "खाच. खाच."

चौथी तिनं उचलली, खिडकीकडं नेली आणि उजेडात फिरवत राहिली.

"बोल."

"थांबा सर. बघतेय."

मास्तर थांबले.